गोठलेलं औषध

हिवाळ्यात बेळगावावर धुकं उतरलं की कंग्राळीहून कामावर येणाऱ्या साईराजला औषधं थंड ठेवायच्या शीतखोलीतही आपण धुक्यातूनच चालतोय असं वाटे. पांढरी वाफ पायांशी घोटाळायची आणि तो गुणगुणत कामाला लागायचा.

औषधांच्या एका घाऊक दुकानात तो इन्सुलिनची खोकी भरी. दुपारच्या गाडीनं ती निपाणीच्या औषध दुकानांत जात. फ्रीझरमधून काढलेली बर्फाची पाकिटं तो बाटल्यांना अगदी चिकटवून बसवी. बर्फ जितका जास्त, तितकं औषध ताजं, अशी त्याची समजूत.

दुकानातल्या फार्मासिस्ट लतिकाताईंनी एकदा त्याला थांबवलं. "पाकीट आधी थोडा वेळ बाहेर ठेव. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं पाहिजे. मग मध्ये पुठ्ठा घाल. इन्सुलिन थंड हवं, गोठलेलं नको. एकदा गोठलं की त्याचा गुण जातो."

"आक्का, एवढी वर्सं भरतोय. कुणाची तक्रार न्हाय आली."

"कुणी का तक्रार करेल? औषध लागू पडलं नाही की माणसाला वाटतं, आपलंच पथ्य चुकलं."

साईराज हसला आणि पुन्हा धुक्यात शिरला.

रविवारी तो निपाणीला यशोदामावशीकडं गेला. वाटेत संकेश्वरपर्यंत उसाचे तुरे उन्हात चांदीसारखे हलत होते. मावशीला मधुमेह होता, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे.

"आई चोरून गोड खाती," तिचा मुलगा विक्रम म्हणाला. "डॉक्टरनी डोस वाढवला तरी साखर उतरंना. परवा चक्कर येऊन पडली."

मावशी खिडकीशी बसली होती. लई वाळली होती. विक्रम आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "साखरेला हात लावला न्हाय रं मी. पण कुणाला पटंना. आता मलाच वाटाय लागलंय, झोपंत उठून खात असंन."

साईराजला लतिकाताईंचं बोलणं आठवलं. त्यानं फ्रिजच्या दारातली तिची बाटली घेऊन तळहातांत फिरवली. औषध दुधासारखं एकसारखं व्हायला हवं होतं, पण आत पांढऱ्या कण्या तरंगत होत्या. न उघडलेल्या दुसऱ्या बाटलीतही त्याच. पावती निपाणीच्या ज्या दुकानाची होती, तिथं त्यानंच भरलेली खोकी जात.

त्यानं लतिकाताईंना फोन लावला. "ते वापरू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आत्ताच डॉक्टरांना विचारून दुसऱ्या मालातली नवी बाटली घे."

फोन ठेवून त्यानं विक्रमला हाक मारली आणि त्याच्यादेखत म्हणाला, "मावशी, तू गोड खाल्लं न्हाईस. औषध मी गोठवलं."

 मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "म्हंजे मी खोटी न्हाय," एवढंच ती बोलली. विक्रम मान खाली घालून तिच्या पायाशी बसला.

दुसऱ्या दिवशी साईराजनं मालकांना, रघुवीरअण्णांना, सगळं सांगितलं. दुकानाचं नाव जाईल म्हणून ते आधी कचरले. मग त्यांनीच एकेका औषध दुकानाला फोन करून माल परत मागवला. साईराज लतिकाताईंकडून खोकी भरायला नव्यानं शिकला. नव्या औषधानं मावशीची साखर हळूहळू आवाक्यात आली.

मित्रहो, आपल्या हातून सुटलेली वस्तू कुणाच्या उशाशी पोचते, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून आजाऱ्यावर संशय घेण्याआधी प्रत्येकानं आपलं काम तपासावं. औषधात कसूर राहिली तर माणूस नुसता आजारी पडत नाही, तो घरच्यांच्या नजरेत खोटा ठरतो.