टकल्याची चाल

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. तिचं कामच तसं होतं. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभ्या असतात त्या कपाटाएवढ्या मशीनवरचे गेम घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर उतरवून द्यायचे, हा त्या तीन खोल्यांच्या ऑफिसचा व्यवसाय. मोठ्या मशीनमध्ये ऐसपैस जागा. घरच्या कन्सोलच्या कॅसेटमध्ये मात्र हातरुमालाएवढी. मग काय ठेवायचं, काय टाकायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. कात्री ते गेली नऊ वर्षं ठरवत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी आलेला गेम डायनोसॉरच्या मारामारीचा होता. सात डायनोसॉर, त्यांतले दोघे समोरासमोर, ज्याचा दम आधी संपेल तो आडवा. त्यांची खरी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना नावं ठेवली, म्हणजे अगदी शब्दशः. लांब मानेचा तो शिडी. पाठभर काटे मिरवणारी ती काटेकाकू. आणि डोक्यावर विटेएवढं टेंगूळ घेऊन धावत येऊन धडकणारा तो टकल्या.

गेम दोन कन्सोलवर जायचा होता. एक नवं, जोरदार. ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळालं. दुसरं जुनं, जवळजवळ म्हातारं झालेलं, पण अजूनही घराघरांत टीव्हीखाली ठाण मांडून बसलेलं. ते कात्रीच्या वाट्याला आलं. दर वेळी यायचं तसंच. तिने त्याबद्दल तोंड वाकडं करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मोठ्या मशीनवर प्रत्येक डायनोसॉर दोन पावलं टाकायला बारा चित्रं घ्यायचा. कात्रीने हिशेब केला. सातही जण ठेवायचे तर प्रत्येकाला चारच चित्रं मिळणार. तिने दर तिसरं चित्र ठेवून बाकीची उडवली. पहिलं, चौथं, सातवं, दहावं. सरळ काम होतं, एका आठवड्यात झालंही.

चाचणीसाठी ती कॅसेट घरी घेऊन गेली. घरी तिची खरी परीक्षक बसलेली असायची: सासूबाई. चौतीस वर्षं त्या हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर सुनेने आणलेले गेम खेळून बघायची त्यांना गोडी लागली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर उशी, उशीवर कंट्रोलर. त्यांनी टकल्या निवडला, त्याला चार वेळा पुढेमागे चालवलं आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"अगं, याचा पाय दुखतोय."

"कुणाचा, आई?"

"या टकल्याचा. उजव्या पायावर भार देतच नाही हा. आणि ही काटेकाकू तर जमिनीला पायच लावत नाही. बर्फावरून घसरत गेल्यासारखी जातेय."

"चित्रं कमी केलीत ना, म्हणून."

"ते तुझं तू जाण. मी आयुष्यभर माणसांना पुन्हा चालायला शिकवलंय. लंगडणं मला दारातून कळतं."

कात्रीने पुन्हा पाहिलं. एकदा दिसल्यावर ते डोळ्यांआड होईना. सातही जनावरं लंगडत होती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना ते सांगितलं. साहेब मनाने वाईट नव्हते, पण कामाची तारीख त्यांच्या डोक्यावर बसलेली होती. त्यांनी दोन मिनिटं पडदा पाहिला.

"दोघांना काढून टाका. टकल्या आणि काटेकाकू. तशीही त्यांना पार्लरमध्ये कोण निवडतं? उरलेल्या पाच जणांना मग जास्त चित्रं देता येतील."

"पार्लरमध्ये सात आहेत, साहेब. घरी पाचच निघाले तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल."

"मग लंगडे सात देणार का? पंधरवड्यात सांगा मला."

कात्री जागेवर येऊन बसली. तेव्हा तिला आठवलं की हे डायनोसॉर कुणी कागदावर काढलेले नव्हते. तारेच्या सांगाड्यावर माती आणि रबर चढवून कुणीतरी ते हाताने घडवले होते. एकेक पाय केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. त्या फोटोंचीच पुढे चित्रं झाली होती. मूळ गेम बनवणाऱ्या कंपनीला तिने फोन केला. तिकडच्या बाईंनी बरीच शोधाशोध करून त्या शिल्पकाराचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "जाताय तर जा, पण ते फारसं बोलत नाहीत हं."

शिल्पकार गावाच्या दुसऱ्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचे. सत्तरीचे, सडपातळ. बोटांचे सांधे सुजून अक्रोडासारखे झालेले. त्यांनी दार उघडलं, ती का आली ते ऐकून घेतलं आणि आत न बोलावताच म्हणाले, "म्हणजे माझ्या सातांपैकी कुठल्या दोघांचा गळा दाबू, हे विचारायला आलात तुम्ही."

"नाही, काका. सातही कसे जगवू, ते विचारायला आलेय."

ते दारातून बाजूला झाले.

आतल्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात सातही जण ओळीने उभे. रबराला भेगा पडल्या होत्या, शिडीची मान एका बाजूला कलली होती. पडद्यावर अंगावर येणारा टकल्या इथे जेमतेम कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढाच होता. कात्रीने पिशवीतून कागद काढले. टकल्याच्या चालीची बाराही चित्रं तिने छापून आणली होती. ती तिने टेबलावर ओळीने मांडली आणि ठेवलेल्या चार चित्रांवर बोट ठेवलं.

शिल्पकारांनी कपाळाला हात लावला. "दर तिसरं. पोळीचे तुकडे करावेत तसं."

"मग कसं करायला हवं होतं?"

"उभी राहा." ते नकळत 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. "आता चाल. हळू. थांब. हे बघ, टाच टेकली, पण अजून भार आलेला नाही. आता गुडघा वाकला. आला भार. माणूस असो की जनावर, वजन दिसतं ते या दोन क्षणांत. बाकी नुसतं पाय उचलून पुढे नेणं. तुझी कात्री नेमकी भार आलेल्या चित्रांवर चालली."

त्यांनी सुजलेल्या बोटांनी चार कागद बाजूला सरकवले. पहिला, दुसरा, सातवा, आठवा. एका पायाचे दोन, दुसऱ्याचे दोन.

"पण मग मधे मोठी उडी पडेल. धक्का बसेल बघणाऱ्याला," कात्री म्हणाली.

"बसेल. म्हणून भार आलेलं चित्र जरा जास्त वेळ दाखव. डोळा तिथे टेकला की पुढची उडी तो माफ करतो."

जास्त वेळ दाखवायला कॅसेटमध्ये जागा लागत नाही. एक आकडा बदलायचा, बस. नऊ वर्षं ती जागा वाचवत आली होती आणि वेळ फुकट मिळतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी दहाच्या बसने शिल्पकार ऑफिसात यायला लागले. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण खुर्ची दिली. एकेका जनावराची चाल, मग उडी, मग मार खाऊन कोलमडणं. काका चित्र निवडायचे, कात्री वेळ ठरवायची. भांडणंही झाली. शिडीच्या शेपटीच्या एका वळणासाठी काका अडून बसले आणि अर्धा दिवस फुगून बसले. कात्रीने शेवटी शेपूट धडापासून वेगळी करून तेच तुकडे उलटसुलट वापरले, तेव्हा कुठे त्यांची कळी खुलली.

नवव्या दिवशी सगळं जमलं आणि एक अडलं. टकल्या पडल्यावर उठायचा तो डोकं जमिनीला टेकवून, त्याच्या आधाराने मागचे पाय ओढत. त्याला तीन चित्रं लागायची आणि कॅसेट काठोकाठ भरली होती.

"मागचं जंगल काढते," कात्री म्हणाली. "नुसतं आभाळ आणि खाली जमिनीची रेघ ठेवते."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत." मग ती थोडं चाचरत म्हणाली, "मूळ गेममध्ये तुमचं नाव कुठेच नाही, काका. मी शेवटी घालणार आहे."

"नाव नको. ती जागा टकल्याला दे."

"नावाला असं कितीसं लागतं? चित्राच्या कोपऱ्याएवढंही नाही. दोन्ही बसतंय."

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "बसत असेल तर घाल," ते म्हणाले.

पंधरवडा संपला त्या दुपारी साहेबांनी दोन्ही कन्सोल शेजारी शेजारी लावायला सांगितली. नव्या कन्सोलवर सगळं होतं: जंगल, हलणारी पानं, धुमसता डोंगर. कात्रीच्या पडद्यावर फिकं आभाळ, एक रेघ आणि दोन जनावरं.

"जंगल कुठे गेलं?"

"टकल्याला उठायला लागलं, साहेब."

साहेब एक डाव खेळले, टकल्याला पाडलं आणि तो डोकं टेकवून उठताना पाहिला. मग दुसरा डाव खेळले, आणि तिसरा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आपलं काम सोडून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

"याचं पाऊल पडलं की जमीन हलल्यासारखं वाटतं," तो हळूच म्हणाला. "माझा नुसता सरकतोय. बाराच्या बारा चित्रं असून."

"वेळ बदल," कात्री म्हणाली. "दाखवते तुला."

साहेबांनी कंट्रोलर ठेवला. "सात राहू देत," एवढंच म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

गेम बाजारात आला. गेमच्या मासिकाने नव्या कन्सोलवरच्या गेमची दोन पानं भरून तारीफ केली. जुन्यासाठी अर्धा रकाना. पार्श्वभूमी ओकीबोकी आहे, संगीत गजराच्या घड्याळासारखं आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. शेवटच्या ओळीत मात्र म्हटलं होतं की या लहानशा गेममधले प्राणी विलक्षण जड वाटतात, आणि असं का वाटतं ते आम्हाला सांगता येत नाही. कात्रीने ती ओळ शिल्पकारांना फोनवर वाचून दाखवली.

"आम्हाला सांगता येतं," काका पलीकडून म्हणाले.

एका रविवारी दुपारी ते कात्रीच्या घरी आले. आपला गेम त्यांनी स्वतः कधी खेळलाच नव्हता. पार्लरमधला गोंगाट त्यांना सोसायचा नाही आणि तिथली बटणं त्यांच्या बोटांना झेपायची नाहीत. सासूबाईंनी त्यांच्याही मांडीवर एक उशी दिली.

"अंगठ्याने नका दाबू, तळव्याने दाबा," त्यांनी काकांचा हात धरून कंट्रोलरवर नीट ठेवला. "सांधे किती दिवस असे सुजलेत? डॉक्टरांना दाखवलं का?"

"खेळायचं की तपासायचं?"

"दोन्ही जमतं मला."

काकांनी टकल्या घेतला, सासूबाईंनी काटेकाकू. पहिला डाव सासूबाईंनी अर्ध्या मिनिटात खिशात घातला. दुसऱ्या डावात टकल्या पडला, डोकं टेकवून सावकाश उठला आणि तोल सावरून उभा राहिला. काका बटण दाबायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात काटेकाकूने त्याला परत लोळवलं.

"लक्ष कुठंय तुमचं?" सासूबाईंनी विचारलं.

"उठताना पाहत होतो."

"मग पाहून घ्या सावकाश. मी थांबते." त्यांनी कंट्रोलर उशीवर ठेवला आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.