दिपाली का घाबरत नाही?

सावेडीतल्या त्या कॉलनीत महिन्याभरात दोघींची गंठणं ओढली गेली आणि बायकांचं सकाळचं फिरणं एकदम बंद पडलं. पुरुष मात्र पूर्वीसारखेच हिंडत होते. अश्विनीच्या नवऱ्याने, भागवतने, तर फर्मानच काढलं, "दूध मी आनीन. तू एकटी बाहेर पडायचं न्हाई."

खिडकीतून अश्विनीला रोज सकाळी सातच्या सुमारास दिपाली दिसायची. नवरा वारल्यावर शेवगावच्या सासरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हापासून ती आप्पासाहेबांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती आणि सुप्याच्या कारखान्यात पॅकिंगला जात होती. खांद्याला डब्याची पिशवी अडकवून ती झपाझप बसकडे निघायची. विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. आणि कॉलनीतली मानाची सवाशीण अश्विनी तिच्याकडे बघून जळत होती. हो, जळतच होती, त्याला दुसरा शब्द नाही.

"तिला कशाचं भ्या? गळ्यात काय असंल तर जाईल ना," ती शेजारच्या ज्योतीला म्हणाली. ज्योती हसली. त्या हसण्याने चेव येऊन अश्विनीने कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'चोरांना आपल्या वेळा कोण सांगतं? एकटी बाई रोज बिनधास्त कशी फिरते?'

नाव लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. संध्याकाळपर्यंत दिपाली चोरांना टीप देणारी ठरली आणि रविवारी आप्पासाहेबांच्या अंगणात बैठक भरली.

"पोरी, माझं काय म्हननं न्हाई," आप्पासाहेब म्हणाले, "पन लोकांना सेफ वाटलं पायजे. तू खोली सोड."

"मला चोरासंगं कुनी बघितलं?" दिपालीने विचारलं.

तिने एकेकाकडे बघितलं.

"अन् मला भ्या वाटत न्हाई, असं कुनी सांगितलं? रोज वाटतं. पन बस चुकली तर कामाचा दिवस बुडतो, म्हनून जाते. चोर निदान गंठण बघून येतो. तुमी तर माझ्याकडं काही नसताना राहती जागा काढून घ्यायला बसलात."

अश्विनीला ते सोसेना. ती उभी राहिली. "ते मी लिहिलं. मी काहीच बघितलं न्हाई. ती बाहेर जाते अन् मी खिडकीत बसते, याचा मला हेवा वाटला."

"खाली बस," भागवत दातओठ खात म्हणाला.

"न्हाई बसत."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "ते खरं असंल, पन चार लोकांच्या मनात एकदा आलं..."

"खोली मी सोडनार न्हाई," दिपाली म्हणाली. "ज्याला संशय हाय त्यानं पोलिसांकडं चलावं. मी आत्ता येते."

जागचं कुणीच हललं नाही. अश्विनीने चपला पायात सरकवल्या. "चल. मी काय लिहिलं ते मीच सांगते."

दोघी निघाल्या. त्यांना कुणी अडवलं नाही आणि सोबतही कुणी गेलं नाही. वाचकहो, अशा अंगणात आपणही कधीतरी बसलो होतो. तेव्हा आपण उठलो होतो का?