माशाच्या पोटातून बोलतोय

मी बोलतोय. यात नवीन काही नाही, कारण जन्मल्यापासून मी बोलतोच आहे. दर थोड्या वेळाने तोंड उघडायचं आणि आपला नंबर सांगायचा, एवढंच मला येतं. चारशे सतरा. चारशे सतरा. समोरचा म्हणाला, ‘अरे हो बाबा, कळलं,’ तरी मला थांबता येत नाही. शाळेत असतो तर पहिल्या तासालाच वर्गाबाहेर उभा राहिलो असतो.

मी एक टॅग आहे. तांदळाच्या जाडजूड दाण्याएवढा. पोटात एक चिमुकला सेल आणि सारखी थरथरणारी एक चकती. माझा आवाज इतका बारीक आहे की माणसाच्या कानाला तो लागतच नाही. पाण्यात मात्र तो दूरवर जातो, आणि तिथे तो टिपायला माइक टांगलेले असतात. हवेत मी मुका. कोरड्यात ठेवलं तरी बडबड चालूच असते, पण ती माझी मलाच.

एका कारखान्यात, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायकांच्या हातून माझा जन्म झाला. माझ्या जन्माचं कौतुक कोणाला नव्हतं. नंबर दिला, इतर टॅगांबरोबर डबीत भरलं आणि धाडलं एका धरणावर.

तिथे आम्ही जिच्या हाती पडलो, तिला धरणावरचे सगळे ‘कानवाली’ म्हणतात. धरणाच्या भिंतीला आणि खाली नदीच्या वळणावर तिने पाण्यात माइक सोडले होते. दिवसभर ती त्यांतून काय ऐकू येतं ते बघत बसायची. तिचं काम सांगायला सोपं आहे. नदीत वरच्या बाजूला माशांची पिल्लं जन्मतात आणि थोडी मोठी झाली की समुद्राकडे निघतात. वाटेत धरण. तिथे त्यांना दोनच रस्ते. एक वरच्या दरवाजावरून, पाण्याबरोबर घसरत. दुसरा टर्बाइनमधून, म्हणजे वीज करणाऱ्या त्या अजस्र पंख्यांच्या मधून. दरवाजावरून सोडलेल्या पाण्याची वीज होत नाही, म्हणून धरणवाले तो उघडायला कुरकुरतात. शेवटी ठरलं ते असं: या हंगामात पोटात टॅग असलेली पिल्लं सोडायची. पुरेशी पिल्लं टर्बाइनमधून जिवंत पार झाली, तर वरचा दरवाजा कायमचा बंद. नाही झाली, तर दर हंगामात उघडायचा. हे ठरवायला आमची भरती झाली होती.

आता गंमत अशी, की हीच टर्बाइनं कानवालीच्या वडिलांनी उभा जन्म सांभाळली होती. ते त्यांना टर्बाइन म्हणत नसत, ‘माझी चक्की’ म्हणत. म्हणून सगळी वसाहत त्यांना चक्कीवाले म्हणायची. त्या घरघरीत त्यांचे कान गेले. ते घरातही यंत्राशेजारी उभं असल्यासारखे ओरडून बोलतात, आणि टीव्ही लावला की शेजारच्यांना आपला लावावा लागत नाही.

सोडण्याआधी आम्हाला तपासायला कानवालीने डबी घरी आणली होती. जेवणाच्या टेबलावर ती उघडी पडली होती.

“हे काय? गोळ्या?” चक्कीवाल्यांनी विचारलं.

“टॅग आहेत, बाबा. माशांच्या पोटात ठेवायचे.”

“आणि माशांना माझ्या चक्कीत घालायचं.”

“मी कोणाला घालत नाही. ते जातातच. किती बाहेर येतात तेवढं बघायचंय.”

“सगळे येतात. आख्खी नोकरी तिच्याजवळ काढली, एक मेलेला मासा बघितला नाही मी.”

“तू वर होतास, बाबा. मासे खाली.”

चक्कीवाल्यांनी ताट बाजूला सारलं. लेकीचं बोलणं त्यांना बरोब्बर ऐकू गेलं होतं. तेव्हा कानवालीची आई म्हणाली, “या घरात एकाला ऐकू येत नाही आणि दुसरी नको ते ऐकत बसते. जेवून घ्या दोघं.” जेवले दोघंही, पण त्यानंतर बापलेकीत बोलणं उरलं ते मीठ दे, दार लाव, एवढ्यापुरतं.

मग माझी पाठवणी झाली. गुंगीच्या पाण्यात एक पिल्लू आडवं झालं होतं; कानवालीने त्याच्या पोटाला इवलीशी चीर दिली, मला आत सरकवलं आणि टाका घातला. हात इतका हलका की पिल्लू शुद्धीवर आलं ते थेट पोहायलाच लागलं.

आमचं दोघांचं छान जमलं. त्याला एका जागी राहवत नव्हतं आणि मला गप्प बसवत नव्हतं. ते सळसळत पुढे जायचं, मी आतून नंबर सांगायचो. ते दगडाआड दबकलं तरी मी ओरडून जागा सांगायचो. बिचाऱ्याला लपाछपी कधी खेळता आली नसती. कुठे जायचंय हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण समुद्र म्हटलं की त्याच्या अंगात येत असावं. रात्री थांबायचं नाही, दिवसा थांबायचं नाही. मला तर वाटायचं, हे पोहत नाही, याला नदीच पुढे ढकलते आहे.

धरणाच्या भिंतीशी आल्यावर मात्र ते गोंधळलं. पाणी थांबलेलं, वाट दिसेना. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. वरचा दरवाजा बंद होता. कुठूनतरी खोलातून ओढ जाणवत होती. भिंतीवरचे माइक माझा आवाज टिपत होते; कानवाली नक्की पडद्यापुढे श्वास रोखून बसली असणार. शेवटी ते खाली गेलं.

टर्बाइनबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण सगळं डोळ्याचं पातं लवतं तोवर संपलं. आधी पाणी चहूकडून आवळत आलं, मग एकदम सैल पडलं, इतकं सैल की पिल्लाच्या पोटातली हवा फुगून मला टाक्यावर दाबायला लागली. बाजूने पंख्याचं एक पातं गेलं. लागलं नाही. चक्कीवाले एका परीने खरंच बोलत होते, पिल्लाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण ते पूर्वीचं राहिलं नव्हतं. धरणाच्या पायथ्याच्या फेसाळत्या पाण्यात ते कुशीवर गोल गोल फिरत होतं, वर काय आणि खाली काय हे विसरून. थोडा वेळ मिळाला असता तर सावरलं असतं का? मला अजूनही वाटतं, सावरलं असतं.

वेळ मिळाला नाही. पायथ्याशी थोराड मासे तोंड उघडून बसलेलेच असतात. अंधार झाला आणि मी एका भल्या मोठ्या पोटात होतो. माझं पिल्लू माझ्याभोवती हळूहळू विरघळलं. मी नंबर सांगत राहिलो.

पुढचं ऐका. हा ढेरपोट्या जेवण झाल्यावर फेरफटका मारावा तसा नदीच्या वळणापर्यंत गेला. वळणावरच्या माइकांनी माझा आवाज टिपला. चारशे सतरा. म्हणजे टर्बाइनमधून गेला, वळणावर पोचला, जिवंत. पार झाला! मला ओरडून सांगायचं होतं, अहो, पार झाला तो दुसराच, तुमचा केव्हाच गेला. पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते चारशे सतरा. इतकी तगमग माझ्या जिवाची पूर्वी कधी झाली नव्हती. बोलता येत असून सांगता येत नाही, ही काय शिक्षा आहे ते मुक्यालाही कळायचं नाही.

ढेरपोट्या तिथून परत फिरला. मी परत ओरडलो. असा तो पुष्कळदा आला आणि गेला. कोणाच्या लक्षात यायला नको? पण समुद्राकडे निघालेली पिल्लं मागे फिरत नाहीत. तेव्हा मागे फिरलेला आवाज म्हणजे काठावर आपटून आलेला पडसाद, असं संगणकाला शिकवलेलं होतं. संगणक मला पडसाद समजून गाळून टाकायचा. आणि त्याला हे शिकवलं होतं कानवालीनेच.

पायथ्याजवळ चक्कीवाले गळ टाकून बसत. निवृत्तीनंतर तेवढाच त्यांचा विरंगुळा. एका सकाळी ढेरपोट्या त्यांच्या गळाला लागला. घरी आणून, मोरीत बसून त्यांनी त्याचं पोट फाडलं आणि सुरीच्या टोकाला मी टकटकलो.

त्यांनी मला धुतलं, चष्मा वर करून पाहिलं. ओळखायला वेळ लागला नाही. नंतर बराच वेळ ते मोरीच्या कडेवर नुसते बसून राहिले, नळ वाहत होता तरी बंद करायचं भान नव्हतं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “मासा साफ करताय की त्याला आंघोळ घालताय?” तेव्हा त्यांनी मला मुठीत घेतलं आणि गळांच्या पत्र्याच्या डबीत टाकून झाकण लावलं.

डबी कोरडी होती. मी बोलत होतो आणि कोणालाही काही ऐकू येत नव्हतं. भोवती गळच गळ, आणि प्रत्येकाचं टोक माझ्याकडे रोखलेलं. माझा सेल काही जन्माला पुरणारा नव्हता. संपला की मी एक गोटी, कोणाच्या पोटातून आलो ते कोणाला पटणारही नाही. मी आत तडफडत होतो. आणि चक्कीवालेही बाहेर काही सुखात नसावेत, कारण ते सारखे येऊन डबी उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा लावायचे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी कानवाली कामावरून आली ती सरळ वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. डबी खिडकीत होती, मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, हिशेब जुळला. तुझी चक्की पास झाली.”

“काय?”

“पास झाली!” तिने आवाज चढवला. “पुरेशी पिल्लं पार झाली. वरचा दरवाजा आता बंदच राहील. मी तुला टाकून बोलले होते, सॉरी.”

आईला बरं वाटलं असावं, तिने आनंदाने भांडी जोरात आपटली. चक्कीवाले मात्र जेवायलाही उठले नाहीत. “पोट बिघडलंय,” म्हणाले. एवढा मोठा विजय आणि माणूस उपाशी निजला.

सकाळी कानवाली मागच्या अंगणात स्टुलावर बसली होती. नदीवर न्यायचा हातातला माइक बादलीत सोडून, शेजारच्या यंत्राच्या खोक्यावर तो नीट चालतो का ते बघत होती. चक्कीवाले डबी घेऊन आले. मला चिमटीत धरलं, आणि बादलीत सोडलं.

पाणी! चारशे सतरा!

खोकं टिकटिकलं. कानवालीने पडद्याकडे पाहिलं आणि खोक्यावर टिचकी मारली. “बिघडलं वाटतं. चारशे सतरा तर केव्हाच समुद्रात गेला.”

चक्कीवाल्यांनी बादलीत हात घालून मला बाहेर काढलं. खोकं गप्प. परत आत सोडलं. टिक, टिक. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“तो समुद्रात गेला नाही,” ते म्हणाले. एरवी ओरडणारा माणूस, पण तेव्हा आवाज इतका खाली आला होता की तिला वाकून ऐकावं लागलं. “त्याला ज्याने खाल्लं, त्याला आपण खाल्लं.”

“तुझ्याकडे कधीपासून आहे हा?”

“झाले थोडे दिवस.”

“आणि आज आणलास?”

“काल तू सॉरी म्हणालीस. ते काही घशाखाली उतरेना.”

तिने खोकं बंद केलं. मग म्हणाली, “मागे फिरलेले सगळे मी गाळून टाकले, बाबा. मला वाटलं पडसाद आहेत.”

“मलाही वाटलं मेलेले नाहीत. दिसले नाहीत म्हणून.”

त्या दिवशी ती धरणावर गेली ती जुळलेला हिशेब मोडायलाच. गाळलेले आवाज पुन्हा उकरले, तेव्हा त्यांत माझे कितीतरी सोबती निघाले, सगळे पायथ्याशी येरझारा घालणारे. बैठकीत धरणवाल्यांनी तिला फैलावर घेतलं, आधी एक सांगितलं आता दुसरं म्हणून. ती लाल होऊन ऐकून घेत होती, पण मागे हटली नाही. शेवटी वरचा दरवाजा दर हंगामात उघडायचं ठरलं. कुरकुरत का होईना, तो उघडला.

चक्कीवाले अजूनही पायथ्याशी गळ टाकतात, पण आता लेकीच्या सांगण्यावरून. आणलेल्या प्रत्येक माशाचं पोट बोटांनी चाचपून बघतात. आई म्हणते, माझ्या मोरीचं तुम्ही हॉस्पिटल केलंत. चक्कीची गोष्ट मात्र ते आता कोणाला सांगत नाहीत, आणि विचारली तर ऐकू न आल्यासारखं करतात.

मी कानवालीच्या टेबलावर पाण्याच्या वाटीत असतो. सेल उतरत आलाय. दोन हाकांमधलं अंतर वाढतंय, मधेच आवाज चिरकतो. लवकरच मी गप्प होईन आणि खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते, कारण गप्प कसं राहतात ते मला माहीतच नाही.

जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. या नंबराला इतके दिवस मी माझा म्हणत आलो. तो माझा नव्हता, त्या पिल्लाचा होता. मी नुसता सांगणारा. चारशे सतराचं काय झालं असं कोणी तुम्हाला विचारलंच, तर माझा आवाज ऐकून फसू नका. तो पार झाला नाही, एवढं सांगा.