फोटोतली नोकरी

नितेश सरांचा फोन आला तेव्हा सुगंधा मुलुंडच्या झेरॉक्सच्या दुकानात एका वकिलाच्या कागदांच्या प्रती काढत होती. मशीन मध्येच कागद गिळत होतं, वकील सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि ती खांद्याने कानाशी फोन दाबून नुसती "हो सर, हो सर" म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कशाला तरी हो म्हणून बसलोय.

वकील गेल्यावर तिने परत फोन लावला.

"सर, शुक्रवारी नक्की काय आहे?"

"जाहीर सुनावणी. मंडळाची. किती जणांना शिकवलं, किती जणांना कामाला लावलं, हे आता दरवर्षी लोकांसमोर बसून सांगायचं, असा नियम झालाय. मुलुंडलाच आहे, महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. तू फक्त दोन मिनिटं बोलायचंस. युनिफॉर्म घालून ये."

"कुठला युनिफॉर्म?"

"तोच गं, निळा. फोटोतला."

"सर, मी आता त्या नोकरीत नाहीये."

"होतीस ना पण," नितेश सर म्हणाले. मग आवाज उतरवून, "हे बघ, आमच्या सेंटरचं कंत्राट याच महिन्यात पुढे व्हायचंय. माझंही. शिकलीस ते सांग, अंधेरीला लागलीस ते सांग. खोटं काहीच नाही त्यात."

खोटं नव्हतंच. राज्याच्या रोजगार आणि प्रशिक्षण मंडळाच्या मुलुंडच्या सेंटरमध्ये सुगंधा एसी दुरुस्ती शिकली होती. बायकांची बॅच काढायची म्हणून नितेश सर वरच्या लोकांशी भांडले होते, आणि शिकवलंही जीव ओतून. तांब्याच्या पाइपला जोड देताना पहिल्यांदा सुगंधाचं चुकलं, तर त्यांनी बंद पडलेली मशीनं मागवून तिच्याकडून तेच तेच करून घेतलं होतं. कोर्स संपला त्या दिवशी अंधेरीच्या एका सर्व्हिस कंपनीने सहाजणींना घेतलं. फोटो काढले. सुगंधाचा चांगला आला, म्हणून तो मंडळाने मोठा करून बसस्टॉपवर लावला: निळा शर्ट, हातात पाना, खाली "मी शिकले, मी उभी राहिले".

कंपनीने तिला एकदाच बाहेर कामावर पाठवलं, एका सोसायटीत. त्या सोसायटीतल्या गृहस्थाने दारातूनच ऑफिसला फोन केला, बाई काय पाठवता म्हणून. त्यानंतर सहाहीजणींना फोनवर बसवलं. तक्रार लिहून घ्यायची, माणूस येईल म्हणायचं. तीन महिने झाले की मंडळाच्या लेखी माणूस नोकरीला लागला. तीन महिने झाले, आणि कंपनीने सांगितलं, आता येऊ नका.

हे घरात फक्त नवऱ्याला, जयवंतला माहीत होतं. तो एका कुरिअर कंपनीचा टेम्पो चालवायचा. संध्याकाळी भांडुपच्या त्यांच्या खोलीत तो जेवायला बसला, तर सुगंधा एक पोळी वाढून उठली, गॅस पुसला, परत बसली, परत उठली.

"बस ना एका जागी," जयवंत म्हणाला. "जायचं नसेल तर नको जाऊ. ताप आला सांग."

"सरांनी किती केलंय आपल्यासाठी."

"मग जा."

"जाऊन काय सांगू?"

"ते मला काय माहीत यार. तुझं तू बघ."

सासूबाई, कुंदाबाई, पलीकडे टीव्ही बघत होत्या. त्यांना ती रोज अंधेरीला जाते असंच वाटत होतं, निदान सुगंधाचा तसा समज होता. बसस्टॉपवरचा फोटो बघायला त्यांनी गावाहून आलेल्या नणंदेला मुद्दाम चालवत नेलं होतं. शुक्रवारचं कळल्यावर त्यांनी निळा शर्ट पेटीतून काढला आणि धुऊन वाळत घातला. तो दांडीवर हलताना दिसला की सुगंधा नजर फिरवायची.

गुरुवारी दुकानात जाताना ती बसस्टॉपशी थांबली. रोज त्या फोटोकडे पाठ करून जायची. आज बघावं म्हटलं. बघत उभी होती तर मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्हीच ना या?"

विशीतली मुलगी होती. खांद्याला सेंटरची बॅग. नाव गंधाली. नव्या बॅचला होती.

"मी घाटकोपरला साडीच्या दुकानात होते," ती म्हणाली. "रोज बस इथूनच पकडायची, तर रोज तुम्ही दिसायच्या. शेवटी सोडलं काम. आई बोलते अजून. पण नितेश सर म्हणाले, सुगंधाचं झालं तर तुझं का नाही होणार. अंधेरीला कसं आहे ताई? मुलींना बाहेर पाठवतात ना कामाला?"

सुगंधाने "उशीर होतोय" म्हटलं आणि चालू लागली. दुकानात पोचल्यावर दिवसभर तिच्या हातून चुकाच झाल्या. एकाचं आधारकार्ड मशीनमध्येच राहिलं, एकाला एकाच बाजूची प्रत गेली. मालकाने विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरी आहे. आपण त्या पोरीला काहीच सांगितलं नाही, हे काही डोक्यातून जाईना. आणि सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं?

शुक्रवारी सकाळी कुंदाबाईंनी इस्त्री केलेला शर्ट तिच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "तू काय सांगतलंस थय?"

"काय सांगायचं, आई. शिकले, नोकरी लागली."

"आणि गेली, ता?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माका म्हायत आसा गो. अंधेरीक जाणारा माणूस दुपारी मुलुंडच्या बाजारात भाजी घेताना कसा दिसतला? शेजारच्या ताराने बघलान तुका." त्यांनी कॉलर सारखी केली. "गिरण बंद पडली तेव्हा तुझे सासरे पण रोज डबो घेऊन भायर पडायचे. मी तेंका कधी इचारूक नाय. तुकाय नाय इचारलंय. पण फोटो काय माका दाखवूक लावलेलो नाय. लोकांका लावलो हा."

त्या आत गेल्या. सुगंधाने शर्ट घातला. बटणं लावताना तिचं ठरलं, आपणहून काही बोलायचं नाही, पण कुणी विचारलं तर खरं सांगायचं.

हॉलमध्ये बऱ्यापैकी लोक होते. पुढच्या रांगेत गंधालीची सगळी बॅच, एकसारख्या कपड्यांत. व्यासपीठावर मंडळाचे उपसंचालक देवव्रत दाते, आणि सुनावणीच्या अध्यक्ष सुहासिनी कर्णिक, सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई. नितेश सर दाराशीच भेटले. दाढी गुळगुळीत, कपाळावर घाम.

"तयार ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर," सुगंधा म्हणाली. इथे सांगायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण सर हसले, आणि तिला काही धीर झाला नाही.

दाते चांगलं बोलले. पडद्यावर रंगीत चित्रं आली, टक्केवारी आली. मग तिचं नाव पुकारलं. पाठ केलेली वाक्यं तिने नीट म्हटली. टाळ्या पडल्या, गंधालीच्या रांगेतून जास्तच. ती वळणार तेवढ्यात सुहासिनीबाई माइककडे वाकल्या.

"एक मिनिट. आज कामावरून सुट्टी घेऊन आलात ना? कुठे काम करता तुम्ही सध्या?"

साधा, आपुलकीचा प्रश्न होता.

"झेरॉक्सच्या दुकानात," सुगंधा म्हणाली.

दाते खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, त्या अंधेरीच्या कंपनीत होत्या, नंतर स्वतःच्या इच्छेने..."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या. "इच्छेने सोडलीत?"

"नाही मॅडम. तीन महिने झाल्यावर येऊ नका म्हणाले. सहाहीजणींना."

"काम काय दिलं होतं?"

"फोन घ्यायचे."

"एसीचं काम?"

"एकदाच गेले. त्यांनी दारातूनच परत पाठवलं." मग तिला वाटलं, आता थांबले तर सगळंच सरांच्या अंगावर जाईल. "पण शिकवलं चांगलं, मॅडम. सरांनी खूप चांगलं शिकवलं. मला येतं सगळं. ते पण लिहून घ्या."

बाईंनी शेजारच्या लेखनिकाला दोन्ही गोष्टी लिहायला लावल्या. सुगंधाने पुढच्या रांगेकडे बघायचं टाळलं. नितेश सर भिंतीला टेकून उभे होते, खाली बघत. ती बाहेर आली तेव्हा ते तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बसस्टॉपवरचा फोटो उतरला. त्याच्या जागी दागिन्यांची जाहिरात लागली. कुंदाबाई म्हणाल्या, बरा झाला. जयवंत म्हणाला, संपलं ना आता, झोप नीट. सुगंधालाही वाटलं, संपलं.

पण पुढच्या आठवड्यात गंधाली आणि आणखी तिघीजणी दुकानाच्या काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या.

"सेंटरला कुलूप आहे," गंधाली म्हणाली. "चौकशी चालू आहे म्हणून. सरांना काढलं. आमचा अर्धा कोर्स झालाय, ताई. आता आम्ही काय करायचं?"

"मी फक्त खरं सांगितलं गं."

"तुम्हाला सर्टिफिकेट मिळालंय. आमचं काय? बसस्टॉपवर मी विचारलं होतं ना तुम्हाला. तेव्हा का नाही बोललात? तेव्हा सांगितलं असतं तर मी माझ्या दुकानात परत तरी गेले असते. आता तिथे दुसरी लागली."

मुली गेल्या. सुगंधाने नितेश सरांना फोन केला. वाजून वाजून बंद झाला. परत केला. तसंच. मालकाने कागदांचा गठ्ठा पुढे ढकलला तरी ती फोन हातात धरून उभीच.

सोमवारी दुकान बंद असतं. ती अंधेरीला मंडळाच्या ऑफिसात गेली. दात्यांनी तिला बराच वेळ बसवून ठेवलं, मग आत घेतलं.

"तुम्हीच बोललात ना?" ते म्हणाले. "मग आता चौकशी होणार. चौकशी म्हटली की सेंटर बंद. मी काय करू?"

"चौकशी कंपनीची करा ना साहेब. शिकवणं कशाला बंद करता?"

"तसं वेगळं करता येत नाही."

"का नाही येत?"

दात्यांनी हसून फाइल उघडली. तिला बाहेर काढायची ती रीत होती. ती बाहेर आली, आणि तिथल्याच शिपायाला सुहासिनीबाई कुठे भेटतील ते विचारलं.

पुढच्या सोमवारी ती गंधालीला घेऊन बाईंच्या घाटकोपरच्या ऑफिसात गेली. गंधाली यायला तयार नव्हती. सुगंधाने तिच्या आईसमोर बसून मनवलं, आणि आईची बोलणीही ऐकून घेतली. बाईंनी दोघींचं सगळं ऐकलं.

"माझा अधिकार विचारायचा आहे," त्या म्हणाल्या. "करायला लावायचा नाही. मी शिफारस करीन, बॅच पुरी करा म्हणून. ते ऐकतील, न ऐकतील."

"मग सुनावणी कशाला घेता, मॅडम?" गंधालीने विचारलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पण पडतो तो प्रश्न. पण त्या दिवशी यांना विचारलं नसतं, तर तुम्ही तो कोर्स पुरा करून फोनवरच बसला असतात. तुम्ही दोघी मात्र ऑफिसात जात राहा. नुसत्या माझ्या कागदाने काही हलत नाही."

म्हणून दोघी जात राहिल्या. कधी गंधाली एकटी, कधी सगळी बॅच. दातेसाहेब मीटिंगमध्ये असत, दौऱ्यावर असत, जेवायला गेलेले असत. शेवटी कंटाळून म्हणा की शिफारशीमुळे म्हणा, मंडळाने बॅच बोरिवलीच्या सेंटरला जोडली. भांडुप-मुलुंडच्या मुलींना बोरिवली म्हणजे दुसरं गावच. अर्ध्याअधिक गळाल्या. एकीचं लग्न ठरलं, एकीला घरून नको म्हणाले. गंधाली मात्र दोन बस बदलून जायची.

नितेश सर पावसाळ्यानंतर भेटले, मुलुंडच्या बाजारातच. स्कूटरला हत्यारांची पेटी बांधलेली. आता एसीची कामं स्वतःच घेत होते.

"बरं चाललंय," ते म्हणाले. "कंत्राटाची कटकट नाही."

"सर, मी किती फोन केले तुम्हाला."

"बघितले मी." त्यांनी पेटीचा दोर उगाच घट्ट केला. "तू खरं बोललीस त्याचा राग नाही गं. मी पण कुठे मान वर करून फिरत होतो? पण दाराशी विचारलं होतं मी तुला, तयार ना म्हणून. तेव्हा सांगितलं असतंस तर मीच उठून बोललो असतो कदाचित. निदान तू खरं बोलणार ते आधी कळलं असतं. ते मला सगळ्यांसोबत हॉलमध्येच कळलं."

"तुम्ही बोलला असतात?"

"माहीत नाही," ते म्हणाले. स्कूटर चालू करताना मात्र त्यांनी विचारलं, कुठे दोन माणसांचं काम निघालं तर येशील का. ती हो म्हणाली. पण त्यांचा फोन काही आला नाही, आणि तिनेही केला नाही.

बोरिवलीची बॅच संपत आली तेव्हा गंधालीने बातमी आणली: अंधेरीची एक कंपनी मुली घ्यायला येणार आहे. फोटोवालाही येणार आहे.

त्या सोमवारी सुगंधा परत मंडळाच्या ऑफिसात गेली. दात्यांनी तिला बघून मान खाली घातली, पण दार लावलं नाही.

"आता काय?"

"साहेब, या मुलींना कामावर बाहेर पाठवणार, की फोनवर बसवणार? आणि तीन महिन्यांनंतर काय? तेवढं कंपनीकडून आधी लिहून घ्या."

"तुम्ही कोण विचारणाऱ्या? तुमचा कोर्स कधीच संपला."

"हो," सुगंधा म्हणाली. "पण विचारायला आले."

"बघू. दुपारी कंपनीची माणसं येतायत."

"मग मी थांबते."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, उठून जिन्यापर्यंत गेली, परत येऊन बसली. जयवंतला फोन करून सांगितलं, यायला उशीर होईल, आईंना जेवायला वाढ. मग परत उठून दात्यांच्या दाराशी गेली, अजून उघडं आहे का ते बघायला.