जाड रेषा

शिंचू शहरातल्या प्रयोगशाळेत मोजमाप चीयुआनचं आणि लेसरच्या चिपा युएलानताईंच्या. ताईंची चिप तांदळाच्या दाण्याहून लहान. तिच्यातून प्रकाशाचे ठोके एका तालात पडत आणि पडद्यावर समान अंतरावर रेषांची रांग उभी राही. रेषा जितकी बारीक तितकी चिप गुणी. ताईंच्या रेषा मात्र जाडच येत, आणि त्या बारीक झाल्या नाहीत तर ताईंचं काम बंद होणार होतं.

"एकदा बॅटरीवर लावून बघ ना रे," ताई म्हणाल्या. "चिपेला वीज देणाऱ्या तुझ्या पेटीचाच गोंगाट तिच्यात शिरत असेल."

चीयुआनला ते झोंबलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडे सगळेच ठेवतात तसं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट त्यानेही पेटीवर ठेवलं होतं. तारीख उलटायच्या आत तो न चुकता नवं आणी. पाकिटाचे एवढे लाड, पण पेटी तपासायचं काही त्याला सुचलं नाही.

"ताई, माझ्या पेटीला नावं ठेवू नका. आधी आपली चिप बघा."

चिपच गोंगाटी, असं त्याने वरती कळवलं. चिपा घडवायची ताईंची भट्टी भंगारात गेली, आणि ताई शिनपू गावी, भावाच्या पर्सिमन फळांच्या वाळवणावर कामाला.

हिवाळ्यात बाहेरून महागडी चिप आली. रेषा तितकीच जाड! चीयुआनने पेटी काढून बॅटरी जोडली आणि ताईंची मागे उरलेली एकुलती एक चिप लावली. रेषा केसासारखी बारीक आली.

दुसऱ्या दिवशी तो शिनपूला गेला. ताई अंगणात सोललेली फळं दाबून चपटी करत होत्या.

"ताई, चूक माझी होती. पेटीच गोंगाट करत होती. परत चला, मी सगळ्यांसमोर सांगतो."

"पाकीट तरी खाल्लंस का?" ताई हसल्या. मग म्हणाल्या, "येऊन करू काय? भट्टी कुठाय?"

त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"रेषा तरी दाखव."

त्याने फोनवरचा फोटो समोर धरला.

"माझे हात चिकट आहेत. तूच मोठा कर."

त्याने केला.

"अजून."

फोटो फुटत गेला, रेषा पसरत गेली.

"बास," ताई म्हणाल्या, "परत जाड केलीस बघ." आणि डोळे मनगटाने पुसून त्यांनी पुढचं फळ उचललं.