नऊ कोणाचं?

श्रीरंगच्या कंबरेनं घर डोक्यावर घेतलं होतं! नालासोपाऱ्याच्या त्या दोन खोल्यांत गरम पाण्याची पिशवी त्याची, मऊ गादी त्याची आणि कण्हण्याचा हक्कही त्याचाच. शेवटी कंपनीनं फिजिओथेरपीचं अ‍ॅप दिलं. फोन स्टँडवर ठेवायचा, आज किती दुखतंय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं आणि कॅमेऱ्यासमोर पंधरा मिनिटं व्यायाम करायचा. चौथ्याच दिवशी साहेबांना कंटाळा आला.

"सुहास, माझ्याऐवजी तू कर ना. मशीनला काय कळतंय, कोण वाकतंय ते!"

नवऱ्याच्या इतर कामांत हे एक, म्हणून सुहासिनीनं महिनाभर तेही केलं. श्रीरंग सोफ्यावर क्रिकेट बघायचा.

एका संध्याकाळी अ‍ॅपवरच्या फिजिओथेरपिस्ट ॲनिशामॅडमचा फोन आला.

"सर, तुम्ही रोज दुखणं नऊ टाकताय. डावा पाय बधिर होतो, असंही लिहिलंय. एवढं होईपर्यंत गप्प कसे बसलात?"

"नऊ? छे हो! माझं जेमतेम तीन-चार."

"मग नऊ कोणाचं?"

श्रीरंगनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. कणीक मळणारे सुहासिनीचे हात थांबले होते.

"अ‍ॅपनं विचारलं, म्हणून खरं ते सांगितलं," ती पुटपुटली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. जे अ‍ॅपनं रोज विचारलं, ते त्यानं एकदाही विचारलं नव्हतं! चाचरत त्यानं फोनवर सगळं कबूल केलं.

ॲनिशा चिडलीच. "तुमचे व्यायाम त्यांच्याकडून करून घेतलेत? सर, अ‍ॅप चांगलंच आहे, पण ज्याचं दुखणं त्याला तपासूनच व्यायाम ठरतात. आता त्यांना वाकायला लावू नका. उद्याच डॉक्टरांकडे न्या. पाय बधिर होतोय, हे अंगावर काढायचं नसतं!"

फोन ठेवून तो आत गेला. मान वर होत नव्हती. त्यानं परात स्वतःकडे ओढली.

"सुहास, आज किती दुखतंय?"

तिचे डोळे भरून आले. "आधी तुम्ही बसा बघू. उभं राहून तुमची कंबर धरेल."

हे ऐकून तो आणखीच खजील झाला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंडळी, ज्याचा व्यायाम त्यानंच करावा, हे तर झालंच. पण आपल्याही घरात कण्हतंय एक आणि सोसतंय दुसरंच, असं नाही ना? फोननं विचारायच्या आधी आपण विचारूया.