चाळीस मिनिटं मोटरी बंद

प्लंबर आसिमनं मोटर बंद करून नळाखाली काचेचा ग्लास धरला आणि भरल्यावर विमलताईंच्या हातात दिला. पाणी स्वच्छ होतं, पण धार सुतळीएवढी. मग त्यानं मोटर सुरू केली. पाइपानं आचका दिला, धार मनगटाएवढी झाली. दुसऱ्या ग्लासातलं पाणी राखेच्या रंगाचं होतं आणि त्याला नालीचा वास होता.

"पाह्यलं ना, ताई? मोटर लावली का घाण, बंद केली का साफ."

विमलताईंना जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं नळ्या धुतल्या होत्या, मुलांना पिचकारीत पाणी ओढून दाखवलं होतं. पाइपाला कुठंतरी छिद्र पडलं होतं. मोटर ओढते तेव्हा त्या छिद्रातून बाहेरचं पाणी आत येतं. मोटर नसली की आतल्या दाबानं उलट पाणीच बाहेर जातं.

"कुठं आहे रे छिद्र?"

"नालीखालच्या जोडावर. अन् नालीवर आता हा." आसिमनं दाराबाहेर बोट दाखवलं. तीन महिन्यांपूर्वी झालेला सिमेंटचा रस्ता उन्हात चकाकत होता.

'मी तेव्हाच म्हटलंतं' असं तो म्हणाला नाही, हा त्याचा चांगुलपणा. रस्ता होण्याआधी जुना पाइप बदलायला तो पाना आणि नवा पाइप घेऊन आला होता. विमलताईंनीच त्याला दारातून परत पाठवलं, कारण तो पाण्याचा दिवस होता. या गावात नळ दर सहाव्या दिवशी येतो आणि चाळीस मिनिटं चालतो. त्या दिवशी माणसं लग्नाला जात नाहीत, मयतीलाही घरात एक जण मागे ठेवून जातात. पाइप खोलायचं तर नावच नको. "उद्या ये," त्या म्हणाल्या होत्या. उद्या सकाळी सात वाजता गल्लीत सिमेंटचा मिक्सर येऊन उभा राहिला. रस्ता होतो आहे या आनंदात मजुरांना पहिला चहा त्यांनीच दिला.

आता रस्ता फोडायला परवानगी हवी होती. बांधकाम कचेरीतल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि सांगितलं की रस्त्याची हमी तीन वर्षांची आहे, तोवर हात लावता येणार नाही. अर्ज ठेवून घेतला. गल्लीच्या टोकाच्या बोअरला फ्लोराइड निघालं म्हणून लाल रंग देऊन तो पिण्यासाठी केव्हाच बाद केलेला.

एरवी विमलताईंनी निभावून नेलं असतं. एकट्या बाईला लागतं किती? पण रविवारी लेक निकिता येणार होती. आठवा महिना, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. सहाव्या महिन्यात पोरीला कावीळ होऊन गेली होती आणि पुसदच्या डॉक्टरीण बाईंनी पिण्यापासून भांडी घासण्यापर्यंत पाणी चांगलंच हवं म्हणून बजावलं होतं. निकिताच्या सासूबाई फोनवर सरळ बोलल्या, "पाण्याची सोय असंन तर धाडतो, ताई. नसंन तर तसं सांगा. इथं आमी हावोच."

त्यात वाईट काही नव्हतं. "सांगते," म्हणून विमलताईंनी फोन ठेवला.

"दुसरा काही उपाय?" त्यांनी आसिमला विचारलं.

"एकच. लायनीवरच्या अकराही घरांनी मोटरी बंद ठेवल्या, तर पाणी आपल्या दाबानं येईन. तुमचं टाकं खाली आहे, भरून जाईन. पहिली दोन मिनटं तेवढी सोडून द्यायची." तो हसला. "पण अकरा घरं, ताई! इथं दोन भावांचं जमत नाही."

विमलताई घरोघरी गेल्या. समोरचे सेवादास एस. टी.तून निवृत्त झालेले, ओसरीवर दाढी करत होते.

"तुमचा शब्द कोण मोडन, ताई? फक्त तुमच्या वहिनीले सांगा. आमच्या घरी मोटर तिची, मी निस्ता बटन."

आतून आवाज आला, "बटन तरी कुठं धड चालते!"

शेजारच्या अतिया भाभींनी हात धरून बसवलं. "निकिता आमची नाही का, ताई? नाही लावत मोटर. एक दिवस कमी धुऊ कपडे." त्यांच्या घरात नऊ माणसं होती.

अकराही घरं हो म्हणाली. विमलताई दुपारी टाक्यात उतरल्या, तळ ब्रशनं घासला, तुरटीचं पाणी फिरवून पुसून घेतलं. निकिताला फोन करून म्हणाल्या, "ये तू. होते सोय."

गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी नळ आला. पहिली दोन मिनिटं काळं पाणी नालीत गेलं. मग निवळलं. धार आधी करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी झाली, तीही मोटरीशिवाय. गल्लीत एवढी शांतता होती की टाक्याच्या तळावर पाणी पडताना ऐकू येत होतं. विमलताई टाक्याच्या काठावर बसून राहिल्या. पाणी वीतभर चढायच्या आतच कुठूनतरी घरघर आली.

धार करंगळीवर आली.

त्या बाहेर धावल्या. आवाज टोकाच्या घरातला होता. तिथल्या सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "आमचं घर उंचावर आहे, काकू. पंधरा मिनटं झाले, थेंब नाही आला." ते खोटं नव्हतं. नळाजवळच्या बादल्या अजून कोरड्याच होत्या. विमलताई काही बोलायच्या आत पलीकडच्या घरची मोटर सुरू झाली, मग तिसऱ्याची.

"सेवादासभाऊ!"

"ताई, आता त्यायनं लावली तर आमच्याकडं काय येईन? पाहा तुमीच." त्यांनी खरंच नळ दाखवला. थेंब थेंब.

"अहो, लाइन एकच आहे. सगळ्यांनी ओढलं तर ती घाण उद्या तुमच्याही घरात येईन."

"ते खरं हो. पण आज तर पाणी पायजे ना." त्यांनी मान खाली घालून बटण दाबलं.

अतिया भाभींनी सर्वांत उशिरापर्यंत धरलं. त्या दारात उभ्या होत्या. घड्याळ पाहत होत्या, आत पोरं बादल्या वाजवत होती. विमलताई समोरून येताना दिसल्या तशा त्यांचे डोळे भरून आले. "ताई, सहा दिवस..."

"लावा भाभी," विमलताई म्हणाल्या. "लावा."

घरी आल्या तेव्हा नळ टपकत होता. टाक्यात वीतभरसुद्धा पाणी नव्हतं. त्यांनी वाकून अंदाज घेतला. फार तर चार बादल्या भरल्या असत्या.

निकितानं पहिल्याच रिंगला फोन उचलला. "आई, किती भरलं?"

"तू तिथंच राय, बेटा."

निकिता म्हणाली, "मी बॅग भरून ठेवली ना गं. प्यायला जारचं पाणी घेऊ. बाकी उकळून..."

"नालीचं पाणी उकळून मी तुला आंघोळ घालू? बाळाचे कपडे त्यात धुऊ?"

"मग तू ये इकडं. सासूबाई काही म्हणत नाहीत. आईच पाहिजे मला तेव्हा."

विमलताईंनी क्षणभर खरंच विचार केला. दोन लुगडी, औषधं, पुसदची एस. टी. महिना-दोन महिने. लेकीच्या सासरी जाऊन राहायची लाजही त्यांनी गिळली असती.

"अन् इथं सहाव्या दिवशी पाणी कोण भरन?" त्या म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कुठलं पाणी, ते निकितानं विचारलं नाही. ती नुसती रडायला लागली. मग फोन सासूबाईंनी घेतला आणि मऊ आवाजात, "काळजी नका करू, ताई, आमी हावो," म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा दहा चाळीस झाले होते. अजून पाच मिनिटं होती. मोरीत दोन दिवसांची भांडी पडली होती, संडासातली बादली कोरडी होती. विमलताईंनी टाक्यातलं स्वच्छ पाणी आधी भराभर घागरींत काढून घेतलं आणि त्यावर झाकण्या ठेवल्या. मग उठून मोटर लावली.